एमबीएचा फॉर्म: निकाल लागायच्या आधीच घ्यावा लागणारा निर्णय

(या भागाचं हे लेखी रूप. बोलताना दोनदा आलेलं काढून टाकलंय, बाकी बोलणं तसंच ठेवलंय. लोकलमध्ये आवाज ऐकू येत नसेल तर वाचत जा.)

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मागितला होता. एमबीए करायचंय, पण अर्ज कधी करायचा आणि कुठे करायचा?

सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो. डिसेंबर संपत आला होता. कॅटचा निकाल लागला आणि पर्सेंटाइल माझ्या अपेक्षेपेक्षा बराच चांगला आला. आईनं शेजारी पेढे वाटले. रात्री जेवण झाल्यावर मी वही घेऊन बसलो, म्हटलं आता निवांत कॉलेजांची यादी काढू. सगळ्यात आवडत्या कॉलेजची वेबसाइट उघडली तर अर्ज बंद. तारीख उलटून महिना झाला होता. दुसऱ्या कॉलेजचंही तेच. मला वाटत होतं, कॅटचा फॉर्म भरला म्हणजे सगळीकडे अर्ज झाला. चूक कॉलेजची नव्हती, तारीख ठळक अक्षरांत लिहिलेली होती. मी ती पेढे वाटून झाल्यावर वाचली, एवढंच.

म्हणून आज एकच गोष्ट नीट समजून घेऊ. कुठे अर्ज करायचा, हा निर्णय निकालानंतर घ्यायचा नसतो. तो ऑक्टोबरमध्येच घ्यावा लागतो, हातात एकही मार्क नसताना.

परीक्षा वेगळी, अर्ज वेगळा

कॅटच्या फॉर्ममध्ये तुम्ही आयआयएम निवडता. एकच फी भरायची, मग एक आयआयएम टिकमार्क करा नाहीतर सगळ्या. आपल्या जवळच्या दोन, म्हणजे २०१५ ला सुरू झालेली आयआयएम नागपूर आणि २०२३ पर्यंत ‘नीटी’ म्हणून ओळखली जाणारी पवईची आयआयएम मुंबई, ह्यासुद्धा त्यातच येतात.

पण कॅटचा स्कोअर घेणारी इतर अनेक कॉलेजं आहेत आणि त्यांचा अर्ज वेगळा, फी वेगळी, शेवटची तारीख वेगळी. मुंबईचं एसपीजेआयएमआर किंवा दिल्लीचं एफएमएस घ्या. यांचे अर्ज साधारण कॅटच्या परीक्षेच्या आसपासच बंद होतात. ते तुमच्या निकालासाठी थांबत नाहीत.

आणि काही कॉलेजांची परीक्षाच वेगळी. पुण्यातल्या सिम्बायोसिसच्या एसआयबीएम किंवा एससीएमएचआरडीसाठी स्नॅप. मुंबईच्या नरसी मोनजीसाठी एनमॅट. जमशेदपूरच्या एक्सएलआरआयसाठी झॅट. आणि आपल्या राज्यातल्या जमनालाल बजाज, सिडनहॅम, पुणे विद्यापीठाचा पुम्बा विभाग अशा ठिकाणांसाठी राज्य सीईटी कक्षाची एमबीए सीईटी.

वर्षाचं कॅलेंडर, उलटं मोजलेलं

आता महिने लावून घेऊ. दरवर्षी तारखा थोड्या मागेपुढे होतात, पण सांगाडा तोच राहतो.

ऑगस्टच्या सुरुवातीला कॅटचे फॉर्म सुटतात आणि सप्टेंबरमध्ये बंद होतात. त्याच सुमारास स्नॅप, झॅट, एनमॅट यांची नोंदणीही सुरू असते. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे कॉलेजांच्या वेगळ्या अर्जांचे महिने. नेमकं याच वेळी आपण मॉक टेस्टमध्ये बुडालेले असतो आणि अर्ज म्हटलं की ‘बघू नंतर’ म्हणतो. माझा घात इथेच झाला.

नोव्हेंबरचा शेवटचा रविवार म्हणजे कॅट. २०२४ मध्ये २४ तारखेला होती, २०२५ मध्ये ३० तारखेला. दोन तासांचा पेपर, तीन विभाग, प्रत्येकाला बरोबर ४० मिनिटं. डिसेंबरमध्ये स्नॅप. एनमॅटची खिडकी काही आठवडे उघडी असते, तिच्यात पहिला प्रयत्न धरून तीनदा परीक्षा देता येते. जानेवारीच्या पहिल्या रविवारी झॅट. जानेवारी ते एप्रिल मुलाखती. एप्रिल-मे मध्ये आयआयएमच्या अंतिम याद्या. जूनमध्ये वर्ग सुरू.

राज्याच्या सीईटीची गाडी वेगळ्या रुळावर चालते. परीक्षा साधारण मार्च-एप्रिलमध्ये. २०२५ ला ती १ ते ३ एप्रिलला झाली. २०० प्रश्न, १५० मिनिटं आणि चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. पुढे कॅप राउंड, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रिया, पावसाळ्यात जाते. म्हणजे कॅट बिघडली तरी तुमच्या हातात चार महिने असतात. हे लक्षात ठेवा, डिसेंबरमध्ये रडू आलं तर उपयोगी पडेल.

कुठे? तीन प्रश्न स्वतःला विचारा

आपण काय करतो? रँकिंगची यादी उघडतो आणि वरून खाली अर्ज करत जातो. प्रत्येक फॉर्मला हजार, दोन हजार, अडीच हजार. दहा फॉर्म भरले की एका लॅपटॉपचा हप्ता गेला. त्यापेक्षा आधी हे तीन प्रश्न.

पहिला प्रश्न: माझे जुने मार्क किती?

आयआयएम फक्त कॅटचा स्कोअर बघत नाहीत. दहावी, बारावी, पदवीचे मार्क आणि नोकरीचा अनुभव यांनाही वजन असतं. कशाला किती, हे प्रत्येक संस्था आपापल्या प्रवेश धोरणात जाहीर करते. हा कागद वाचणारे फार कमी असतात, म्हणून तुम्ही वाचा. समजा तुम्हाला दहावीला ६२ टक्के आहेत. मग एखाद्या जुन्या आयआयएममध्ये ९८ पर्सेंटाइल घेऊनही मुलाखतीचं बोलावणं येणार नाही असं होऊ शकतं, आणि दुसऱ्या एखाद्या नव्या आयआयएममध्ये त्याहून कमीवर येऊ शकतं. दहावी आता बदलता येत नाही. पण कुठे तिची किंमत कमी आहे, ते शोधता येतं.

इथे राज्याची सीईटी अनेकांसाठी तारणहार ठरते. कॅपच्या जागांसाठी मुलाखत नसते, गटचर्चा नसते. सीईटीच्या पर्सेंटाइलवर गुणवत्ता यादी लागते. ज्याची दहावी-बारावी काही कारणानं पडलीय, पण आज डोकं चालतंय, त्याच्यासाठी ही सरळ वाट आहे. इंग्रजीत मुलाखत द्यायची धास्ती असेल तरीही.

दुसरा प्रश्न: घरातून कोण सही करणार आहे?

म्हणजे कर्जाच्या कागदावर. हा प्रश्न घरी जेवताना विचारा, अर्ज भरण्याआधी. जुन्या मोठ्या आयआयएमची दोन वर्षांची फी आता पंचवीस लाखांच्या आसपास गेलीय. एफएमएसची त्याच्या दहाव्या भागाच्या आसपास. जमनालाल बजाजची सहा लाखांच्या घरात. सगळीच नावाजलेली कॉलेजं, पण घरावर पडणारं ओझं बघा किती वेगळं.

हिशोब करू. २० लाख कर्ज, १० टक्के व्याज, दहा वर्षांची मुदत. हप्ता येतो महिना साधारण २६,४०० रुपये आणि दहा वर्षांत भरता जवळपास ३२ लाख. हेच ५ लाखांचं कर्ज असेल तर हप्ता ६,६०० च्या आसपास. शिकत असताना आणि पुढे साधारण वर्षभर हप्ता भरावा लागत नाही, पण व्याज तेव्हाही चढत असतं.

घाबरवत नाहीये. चांगल्या कॉलेजला चांगला पगार मिळतो आणि हप्ता फिटतो. फक्त कॉलेजच्या जाहिरातीतला ‘सरासरी पगार’ वाचून हुरळून जाऊ नका. वर्गात दहा जण आहेत. नऊ जणांना आठ लाखांचं पॅकेज आणि एकाला ६८ लाखांचं. सरासरी झाली १४ लाख! पण १४ लाख मिळाले कुणालाच नाहीत. म्हणून मध्यक विचारा, म्हणजे सगळ्यांना पगारानुसार ओळीत उभं केलं तर मधल्याला किती मिळाले. शिवाय एकूण किती मुलं प्लेसमेंटला बसली आणि किती जणांना नोकरी लागली, हेही विचारा. हे आकडे जे कॉलेज सरळ देत नाही, त्याच्या फॉर्मचे पैसे वाचवा.

मदतही आहे. केंद्राची पीएम-विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. निवडक दर्जेदार संस्थांमध्ये प्रवेश मिळाला तर त्यातून तारण किंवा जामीनदार न देता कर्ज मिळतं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत मिळू शकते. आणि राज्यात कॅपमधून प्रवेश घेतला तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, तीही आठ लाखांच्या उत्पन्न मर्यादेत. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी गटांतल्या मुलींना याच मर्यादेत व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ केलं. पण व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतलात, किंवा खासगी अथवा अभिमत विद्यापीठात गेलात, तर ही माफी लागू होत नाही. म्हणजे ‘कुठे’ या प्रश्नाच्या उत्तरात काही लाखांचा फरक दडलेला असू शकतो. आपलं कॉलेज आणि कोर्स योजनेत बसतो का, ते महाडीबीटी पोर्टलवर आधी बघून घ्या.

तिसरा प्रश्न: माझ्याकडे अनुभव किती?

यावर सांगलीहून एका मैत्रिणीचा व्हॉइस मेसेज आलाय. ती म्हणते, “दादा, बीकॉमचं शेवटचं वर्ष आहे. याच वर्षी देऊ, की दोन वर्षं नोकरी करून मग? घरी लग्नाचा विषय सुरू व्हायच्या आत काहीतरी ठरवायचंय.”

ताई, प्रश्न अगदी खरा आहे. दोन वर्षांच्या एमबीएला शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी बसू शकतात आणि अनुभव नसलेली मुलंही भरपूर प्रमाणात घेतली जातात. म्हणून परीक्षा याच वर्षी द्या. पण नोकरीचेही अर्ज सोबत करा. मनासारखं कॉलेज मिळालं तर जा. नाही मिळालं तर केवळ ‘वर्ष वाया जाऊ नये’ म्हणून पंधरा लाखांचं, ज्याचं नावही घरी नीट सांगता येत नाही, असं कॉलेज घेऊ नका. नोकरी करत परत परीक्षा द्या. वर्ष वाया जात नाही, अनुभवाच्या रकान्यात जमा होतं. आणि घरी काय सांगायचं? तारीख सांगा. ‘शिकायचंय’ एवढंच म्हटलं की घरचे वाद घालतात. ‘मार्च-एप्रिलमध्ये सीईटी आहे, पावसाळा संपेपर्यंत प्रवेश ठरेल’ असं म्हटलं की त्यांनाही थांबायला एक दिवस मिळतो.

एक तांत्रिक गोष्ट. कॅटचा स्कोअर एका प्रवेश वर्षापुरताच चालतो. जीमॅट आणि जीआरईचा स्कोअर पाच वर्षं चालतो. त्यामुळे चार-पाच वर्षं नोकरी करून मग जायचा विचार असेल, तर जीमॅट लवकर देऊन ठेवता येते. हैदराबाद आणि मोहालीची आयएसबी, आयआयएम अहमदाबादचा पीजीपीएक्स, बंगळूरचा ईपीजीपी हे एक वर्षाचे अभ्यासक्रम अनुभवी लोकांसाठीच आहेत. सात वर्षं काम केलेल्या माणसानं बावीस वर्षांच्या मुलांच्या वर्गात दोन वर्षं बसण्यापेक्षा इकडे बघावं.

परदेशात जायचं असेल तर तिथे अर्जांच्या फेऱ्या असतात. अमेरिकेतल्या बहुतेक बिझनेस स्कूलची पहिली फेरी सप्टेंबरच्या आसपास, दुसरी जानेवारीच्या सुरुवातीला. तिसरीही असते, पण तोवर जागा आणि शिष्यवृत्तीचे पैसे बरेचसे संपलेले असतात आणि व्हिसाला वेळ कमी उरतो. आपण भारतातून जाणाऱ्यांनी पहिल्या दोन फेऱ्याच धराव्यात.

कागद: सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महागात पडणारा भाग

आता जरा लक्ष द्या, कारण इथे पर्सेंटाइल असूनही जागा जाते.

राज्याच्या कॅपला अधिवास प्रमाणपत्र लागतं. राखीव जागेसाठी जात प्रमाणपत्राबरोबर जात पडताळणीही, म्हणजे व्हॅलिडिटी. ती मिळायला महिने लागू शकतात, म्हणून सीईटीचा निकाल लागल्यावर धावाधाव करून उपयोग नाही. नॉन-क्रीमीलेअर दाखल्याची मुदत बघा. गेल्या वर्षीचा दाखला कपाटात आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

आयआयएमसाठी मात्र केंद्राचे नियम. ओबीसी दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो आणि तुमची जात केंद्राच्या यादीत असावी लागते. राज्याच्या यादीत असलेली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असं नाही. एसईबीसी आरक्षण राज्यापुरतं आहे, कॅटच्या फॉर्ममध्ये तो रकानाच नाही. तिथे निकषांत बसत असाल तर ईडब्ल्यूएसचा दाखला केंद्राच्या नमुन्यात काढावा लागतो. म्हणजे एकाच घरातल्या एकाच मुलाला दोन प्रवेशांसाठी दोन वेगळे दाखले लागू शकतात. सेतू केंद्रात जाताना नुसतं ‘दाखला पाहिजे’ म्हणू नका. ‘केंद्राच्या नमुन्यातला’ असं स्पष्ट सांगा, आणि हे जुलैमध्येच उरका, कारण ऑगस्टमध्ये कॅटचा फॉर्म भरताना तो लागणार आहे.

ऑफर उलट्या क्रमानं येतात

हे कुणी आधी सांगत नाही. ज्या कॉलेजला तुम्ही दुसरा-तिसरा पसंतीक्रम दिलाय, ते बऱ्याचदा आधी होकार कळवतं. खासगी संस्थांच्या याद्या फेब्रुवारी-मार्चपासून लागायला लागतात. पहिला हप्ता भरायला थोडेच दिवस देतात. आयआयएमची यादी एप्रिल-मे मध्ये. राज्याची कॅप तर त्याच्याही नंतर.

मग मार्चमध्ये बाबा विचारतात, “हे पैसे भरायचे का?” आणि तुमच्याकडे उत्तर नसतं. ते उत्तर ऑक्टोबरमध्येच लिहून ठेवा. प्रत्येक कॉलेजसमोर दोन गोष्टी: प्रवेश रद्द केला तर किती पैसे परत मिळतात आणि कुठल्या तारखेपर्यंत. रक्कम परवडत असेल तर तो तुमचा विमा समजा. परवडत नसेल तर ते कॉलेज मुळात यादीत नको.

नोकरी करणाऱ्यांसाठी आणखी एक. अनेक आयटी कंपन्यांत ९० दिवसांची नोटीस असते. ऑफर मेमध्ये आली आणि वर्ग जूनमध्ये, तर गणित जुळत नाही. नोटीसचे पैसे भरून लवकर सुटता येतं का, हे एचआरला आधीच सहज बोलता बोलता विचारून ठेवा. आणि अंतिम यादी हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका, मुलाखत कितीही भारी झाली असली तरी.

मग किती कॉलेजं?

मी तीन कप्पे करायला सांगतो: उडी, पाऊल आणि जमीन.

उडी म्हणजे मिळालं तर नशीब उघडलं असं कॉलेज. एक-दोन पुरे. पाऊल म्हणजे तुमच्या मॉकच्या मार्कांवर आणि जुन्या टक्क्यांवर जिथे खरोखर शक्यता आहे. तीन-चार. जमीन म्हणजे जिथे मिळेलच असं वाटतं. एक-दोन. महाराष्ट्रातल्या मुलांसाठी सीईटीतून मिळणारं, फी झेपणारं एखादं कॉलेज इथे छान बसतं.

जमिनीसाठी एक अट आहे. फक्त तेच मिळालं तर तुम्ही आनंदानं जाल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर ती जमीन नाही, नुसती भीती आहे. भीतीपोटी भरलेल्या फॉर्मचे पैसे जातात आणि मार्चमध्ये तीच भीती लाखभर रुपयांचा हप्ता भरायला लावते.

आज रात्री करायचं काम

एक कोरा कागद घ्या. फोनमध्ये नको, कागदच घ्या आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. सहा-आठ कॉलेजांची नावं. प्रत्येकापुढे परीक्षा, अर्जाची शेवटची तारीख, एकूण फी, कर्ज किती लागेल, कुठला दाखला, पैसे परतीची मुदत. तारखा फक्त त्या त्या संस्थेच्या अधिकृत वेबसाइटवरून घ्या, व्हॉट्सॲप ग्रुपवरून नको. मग तो कागद घरी दाखवा. बाबांना पर्सेंटाइल कळणार नाही कदाचित. फी आणि हप्ता मात्र बरोबर कळतो, आणि त्यांचा प्रश्न अनेकदा कोचिंगच्या सरांपेक्षा नेमका असतो.

माझं पुढे काय झालं, हे विचारणारे मेसेज येणारच. त्या वर्षी मी सीईटी दिली. राज्यातल्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला, कर्ज कमी लागलं आणि ते फिटलंसुद्धा. छान चाललंय. पण त्या बंद झालेल्या फॉर्मच्या कॉलेजात मला मिळालं असतं की नाही, हे मला कधीच कळणार नाही. त्यांनी नाकारलं असतं तर विसरलो असतो. इथे कुणी नाकारलंच नाही, मी विचारलंच नव्हतं.

तुम्ही विचारा. वेळेत विचारा.

तुमचा कागद तयार झाला की फोटो काढून पाठवा, कप्प्यांत काही गडबड दिसली तर पुढच्या भागात बोलू. पुढच्या वेळी मुलाखतीतला सगळ्यात अवघड प्रश्न घेऊ: “तुम्हाला एमबीए का करायचंय?” भेटू मग. काळजी घ्या.